वर्षाची चिठ्ठी

एकतीस डिसेंबरच्या रात्री मिरजेच्या आमच्या देवळात
स्टीलच्या ताटात वचनांच्या चिठ्ठ्या फिरतात.
शेजारच्या केझियाला निघालं भरलेलं कोठार,
तिच्या नवऱ्याला डोंगर आणि पंख.
मला निघाली अर्ध्या ओळीची,
तिच्यात राबणारा शब्द एकच :
प्रतीक्षा.
मी पुन्हा ताटाकडे पाहिलं.
पाळकांनी ताट पुढं नेलं.

चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरात ठेवली, बसच्या पासमागं.

पहाटे पाचला शाळूची भाकरी थापताना
शब्द हाताखाली गोल फिरतो.
भाकरी फुगते, तेव्हा समजल्यासारखं वाटतं.
उतरवली की पुन्हा चपटी.

दुपारची म्हैस पाहिलीय कृष्णेकाठी?
डोळे अर्धे मिटलेले, जबडा चालू.
सकाळी घाईनं ओढलेला चारा
ती आता सावकाश तोंडात परत आणते.
मनन म्हणजे हेच, असं पाळक म्हणत नाहीत.
मी म्हणते.

आठला दवाखान्याची खिडकी उघडते.
पंचवीस वर्षं मी इथं केसपेपर काढते.
माझ्या डोक्याच्या बरोबर वर, निळ्या रंगात,
पाटी आहे : प्रतीक्षा कक्ष.
पंचवीस वर्षं तिच्याखाली बसले
आणि वाचली जानेवारीच्या चार तारखेला.

मग बाकडी दिसायला लागली.
अथणीहून आलेली म्हातारी, कानडीत पुटपुटणारी.
जतचा मेंढपाळ, फेटा सोडून मांडीवर घेतलेला.
एक मुलगी, गणिताचं पुस्तक उलटं धरून.
मला वाटायचं मी नुसते नंबर पुकारते.
सत्तेचाळीस.
अठ्ठेचाळीस.
आता नंबर आणि नंबर यांच्यामध्ये
माझा आवाज जरा थांबतो.
लोक चिडतात कधीकधी.

आई इथंच होती, मागं, धोबीखान्यात.
तिला अक्षर येत नव्हतं, कानानं पाठ करायची,
आणि नेमका हाच शब्द तिच्या जिभेवर बसला नाही.
ती म्हणायची परीक्षा.
परमेश्वराची परीक्षा करत बसावं माणसानं.
उपासनेत लोक हसले, त्यात मी पण.
उकळत्या हौदातून चादर ओढत ती म्हणाली,
"एकच की गं ते.
वाट बघून बघ एकदा,
मग सांग मला, पेपर कुणाचा हुता."

ऑगस्टात मी खिडकीच्या अलीकडं बसले.
काखेत गाठ, हातात नंबर एकसष्ट.
खिडकीत नवी मुलगी, सुवार्ता सातपुते, भराभर पुकारणारी.
पाटी आता समोरून दिसत होती,
क्ष-ची शेपटी ओलीनं फुगलेली.
शब्द तोंडात घेतला.
त्याला काही चव नव्हती.
वाळल्या कडब्यासारखा, दातांत अडकणारा.
तरी चावत राहिले, दुसरं काय होतं जवळ?
शेजारच्या बाईनं विचारलं, "किती झाले?"
म्हटलं, "बावन्न."
तिनं थर्मासमधला अर्धा चहा झाकणात ओतला,
माझ्याकडं सरकवला.

रिपोर्ट आठ दिवसांनी मिळणार होता.
त्या आठ दिवसांत भांडी घासली, लाइटबिल भरलं,
रात्री दोनला उठून
अंधारात गज धरून उभी राहिले.
गाडी जंक्शनात शिरत होती, तिचे डबे मोजले.
प्रार्थना सुचली नाही.
तो एक शब्द मात्र चालू होता,
घरात कुणी हळू चालावं तसा,
आणि तो चालतोय की मी, ते कळेना.

पुढचं सांगत नाही. अजून गोळ्या चालू आहेत.

काल पास काढताना चिठ्ठी खाली पडली.
वर्षभराच्या घामानं तिची घडी फाटलीय.
शब्दाची सुरुवात झिजून गेली,
राहिलंय नुसतं क्षा.
त्याच्याआधी काय होतं,
ते आईला विचारलं असतं,
तर तिनं ठामपणे सांगितलं असतं.

रविवारी ताट येईल. केझिया म्हणते, या खेपेला चांगली निघेल.
मी चिकटपट्टी शोधतेय.