डावा कान

सोहारच्या मासळीबाजारामागे तीन खुर्च्यांचं सलून,
त्यातली भिंतीकडची माझी.
दाढी पाचशे बैसा, केस एक रियाल,
मुलांना सूट नाही, मुलं जास्त हलतात.

अकरा वर्षं मी लोकांचे कान दुमडतोय.
अंगठ्याने पुढे दाबायचा,
मागची लव वस्तऱ्याने काढायची,
सोडून द्यायचा.
वेल्डरचा भाजलेला, खलाशाचा मिठाने तडकलेला,
उद्या लग्न असलेल्याचा गरम.
कान म्हणजे दाराची कडी, इतकंच माझं ज्ञान.

मग एका गुरुवारी खमीस आला.
सत्तरीचा, होडी विकून मोकळा झालेला.
कुम्मा काढून मांडीवर पालथा घातला.
मी कान दुमडायला गेलो
तर कान आपणच बाजूला सरकला,
अरुंद बोळात समोरच्याला वाट द्यावी तसा.
वस्तरा हवेत.
आरशात खमीसचा चेहरा मख्ख,
आणि आता दुसराही कान, सावकाश, वर.

"ये कैसा?" मी.
"अत्तर," तो म्हणाला
(उत्रेश्वर त्याच्या जिभेवर मावत नाही),
"मेरा बकरी करता. हम क्यों नहीं करेगा?"

तेव्हापासून दोन गिऱ्हाइकांच्या मधला वेळ कानांचा.
आरसा पुढे, आरसा मागे,
एवढी सोय कुठल्या विद्यार्थ्याला मिळते?
भुवया हलल्या, टाळू हलली, नाकपुड्या हलल्या,
जबडा तर रवंथ करायला लागला.
कान सोडून सगळं खानदान हललं.
शेजारच्या खुर्चीवरचा मोफिजुल
दाढ दुखते समजून लवंग घेऊन आला.

लहानपणी पाढे चुकले की
औशाच्या शाळेत हेच कान हलायचे,
पण ते मास्तरांच्या हाताने.
आपले कान आपल्या ताब्यात
कधी कोणी दिलेच नव्हते.

खमीस महिन्यातून एकदा यायचा, परीक्षा घ्यायचा, नापास करायचा.
शेवटी म्हणाला, हसायच्या आधी जे होतं ना,
ते कर. मग हसू नकोस.
मी पुष्कळ दिवस यावर अडलो.
आमच्या धंद्यात उलटं असतं:
आधीचं काही नसताना हसायचं.

रमजानात दुकान रात्री दोनपर्यंत उघडं.
अशाच एका दीड वाजता
डावा कान तांदळाच्या दाण्याएवढा हलला.
साक्षीला एक गिऱ्हाईक,
तेही गरम टॉवेलखाली घोरत.
उजवा अजून बसलाय,
सरकारी खात्यासारखा, उद्या या म्हणतो.

बायकोला फोनवर दाखवलं.
नेमकी तेव्हाच स्क्रीन गोठली.
"काय हललं?" ती म्हणाली. "तुमचं नेट हललं."

आणि मग परवा.
दुपार, एसीखाली बादली, टीव्हीवर उंटांची शर्यत,
एका पोराचं अर्धं डोकं झालेलं, मशीन हातात भुणभुणत.
बाहेर किराणा दुकानाशी कोणीतरी फोनवर बोललं:
"अगं पण डब्याचं झाकण कुठंय?"

मी काही केलं नाही.
हसायच्या आधीचं नाही, नंतरचंही नाही.
आरशात पाहिलं तर डावा कान
मागे वळून दाराकडे उभा,
कडब्याची पेंढी सोडल्याचं ऐकून
गोठ्यातलं वासरू करतं तसा.

कंगवा हातातच, धावत बाहेर.
ऊन असं की रस्ता दिसेना.
एक पांढरा पिकअप वळणावर, नंबरही नीट नाही.
दुकानदार म्हणाला, पाणी घेतलं, गेला.
कुठला होता? कोण जाणे. पाण्याच्या दोन पेट्या.

आत आलो.
पोरगं अर्ध्या डोक्याने वाट पाहत होतं.
त्याचा कान दुमडला, मशीन लावलं.
पैसे घेतले, केस झाडले,
आणि दुकान बंद होईपर्यंत एकच:
सापडलं असेल का तिला
ते झाकण.