उपाशीपोटी

धडधाकट माणसं हवीत, असं जिल्ह्याचं पत्र होतं.
यादोराव पुसाम उपकेंद्राच्या ओट्यावर
बोट पुढं करून बसला,
अंगठा द्यायला आल्यासारखा.
सकाळी सात. ब्याऐंशी.
"रातीपासून पाणीच आहे ना पोटात,
मंग साखर येते कुठून, बाई?"

उजव्या बरगडीखाली हात ठेवून दाखवलं :
इथं ढोली आहे तुमची.
मटणवाला कलेजी म्हणतो, तीच.
पायलीनं नाही, चिमटीनं देते,
झोपेतसुद्धा.

दुसऱ्या सकाळी सहासष्ट.
ढोलीचा तळ खरवडून झाला होता,
आता चरबी जळत होती.
सोबत आलेली जैवंता म्हणाली,
"हा पेऊन आला. तोंडाले मोहाचा वास येते."
यादोराव पेरसापेनची शपथ घेत राहिला.
मी वाकून हुंगलं.
खरंच, मोहासारखंच काहीतरी.
भट्टी आतच लागली होती.

मग भात, अंबाडीची भाजी.
दोन तासांनी एकशे शहात्तर.
माझ्या हातातली पट्टी हलली.
रोज वीस किलोमीटर सायकल मारणारा माणूस,
आणि हा आकडा?

डॉक्टर फोनवर म्हणाले, थांब.
स्नायूंनी दार लावून घेतलंय,
होती ती साखर डोक्यासाठी सोडून.
भात आला तरी
कडी निघायला वेळ लागतो.

चौथ्या दिवशी, जेवल्यावर, एकशे आठ.
मी वहीत लिहिलं : निरोगी.
जैवंतानं वही ओढून शेवटपर्यंत वाचली.
"वासाचं नाही लिवलं?"