कोरडी होडी

कडवा गोदेला मिळते तिथून अर्ध्या कोसावर
पाटबंधारे खात्याचं सिमेंटचं गोदाम होतं.
आता त्याला संग्रहालय म्हणायचं.
तिकीट दहा रुपये. मी दोन काढली.
"आपलीच होडी बघायला?" अण्णा म्हणाले,
आणि दाराशी चपला काढून ठेवल्या.
काढायच्या नव्हत्या. मी काही बोलले नाही.

होडी विटांच्या थरांवर, भोवती तांबडी दोरी.
पाटीवर : मासेमारीची नाव, लाकूड आंब्याचं,
काळ अंदाजे
आणि पुढे आकडा नाही. पुसला गेला,
की लिहायचाच राहिला.
डाव्या अंगाला पत्र्याचं ठिगळ,
त्यावर अजून अर्धं दिसतं डालड्याचं खजुराचं झाड.
ते अण्णांनी मारलेलं, थोरल्याशी भांडून, एका रात्रीत.
पाटीवर त्याचं नाव 'दुरुस्तीच्या खुणा'.

सहलीतल्या एका पोरानं विचारलं,
"हिची मोटर कुठंय?"
अण्णांनी त्याला स्वतःचे दंड दाखवले.
पोरगं दंडांकडे बघत राहिलं,
काही सापडलं नाही त्याला तिथं.

मग ते दोरीखालून आत गेले,
सत्त्याहत्तर वर्षांचं अंग घडी घालून,
आणि फळ्यांच्या सांध्याला डोळा लावला.
पलीकडच्या खिडकीचा उजेड आरपार,
सुरीच्या पात्याएवढा.
"आक्रसलीय," म्हणाले. "पाणीच दाखवलं नाही कोणी.
वैशाखात डांबराला वर काढायचो,
मग दोन रात्री दगड भरून बुडवून ठेवायची.
लाकूड फुगतं, सांधे मिटतात.
आधी बुडवायची, मग तरते."
हे असं सांगितलं
जशी कोणी तांदूळ भिजवायची रीत सांगावी.

राखणदार पोरानं मोबाइलातून मान वर काढली तोवर
माझी पाण्याची बाटली निम्मी रिकामी झाली होती.
"बाबा, हात लावायचा नाही!"
"हात कुठं लावला?"

पाणी होडीत थांबलं नाही.
तळातून एक थेंब, दुसरा, मग बारीक धार
विटांवरून फरशीवर,
फरशी उतरती होती तिकडे,
दाराकडे, त्यांच्या चपलांखाली.

पोरगा फडकं शोधायला गेला.
निफाडची गाडी साडेपाचची, मी दोनदा घड्याळ बघितलं.
अण्णा बाटली कानाशी धरून हलवत होते,
किती उरलंय ते ऐकत.
फडकं घेऊन तो परतला तेव्हा
त्याला त्यांनी एवढंच विचारलं,
"नळ कुठंय रे इथं?"