नग ४१७

डोळे शेवटी काढायचे असतात.
दांडिया बाजारच्या बोळात अण्णा गणपती रंगवायचे तेव्हा
सोंड, सोवळं, उंदराची शेपटी, सगळं दिवसाउजेडी.
डोळे मात्र रात्री दोननंतर,
आम्हा पोरांना बाहेर काढून,
मूर्तीकडे पाठ करून, आरशात बघत.
पहिली नजर झेलायची नसते, म्हणायचे.
सिंहली कारागीरही बुद्धाचे डोळे आरशात बघूनच उघडतो,
हे मी पुढे नोकरीत वाचलं.
अण्णा तर अंकलेश्वरच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

मी बागेतल्या संग्रहालयात पाट्या लिहिते.
गुजरातीत, हिंदीत, इंग्रजीत.
आकडे तेवढे मनात मराठीत मोजते.

मिसरी शवपेटीच्या कुशीवर दोन डोळे रंगवलेत,
आतल्याला उगवती दिसावी म्हणून.
शाळेची पोरं काचेला नाक लावतात :
मॅडम, हा रात्री उठतो?
कुणाच्या गालाला तीट, कुणाच्या मनगटात काळा दोरा,
याकुतपुऱ्याच्या एकीच्या गळ्यात
मामानं इस्तंबूलहून आणलेला निळा मणी.
पेटीतला बघतोय
आणि पोरं दृष्ट लागू नये म्हणून नटून आलीत.

रात्रपाळीला नगीन राठवा. छोटाउदेपूरकडचा.
त्याच्या गावच्या घरी भिंतीवर पिठोरा आहे.
बडवोच्या अंगात येऊन तो एकेक घोडा ओळखून सांगेपर्यंत
ती भिंत नुसता चुना, म्हणतो.
आमच्याकडच्या पिठोऱ्याला तो हात जोडत नाही.
हे घोडे कुणी वाचले नाहीत, बेन,
हे अजून चित्रच आहे.

नग ४१७. जपानी बाहुला. कागदाचा लगदा, लाल रंग, वीतभर.
हातपाय नाहीत. पाडला की उठतो.
एकच डोळा.

काणा का? नगीननं विचारलं.
नवस बोलताना एक काढतात, फळला की दुसरा.
मग ह्याच्या धन्याचा?
रजिस्टरात देणाऱ्याचं नाव आहे, पत्ता नाही.
साल एकोणीसशे चौतीस.
नगीन कपाटापाशी बराच वेळ उभा.
त्या आठवड्यात त्याची जमना सयाजी इस्पितळात होती,
सातव्याच महिन्यात कळा सुरू झालेल्या.
म्हणजे नव्वद वर्षं, तो म्हणाला,
एका डोळ्यानं वाट बघतोय.

वासी उतराण संपली, झाडांना पतंग लटकलेले,
मी कुलूप काढलं
आणि ४१७ दोन डोळ्यांनी बघत होता.
दुसरा जरा तिरका. निळा.
बॉलपेनचा.
किल्ल्या आम्हा दोघांकडेच.

नियम असा की अहवाल द्यायचा :
हानीचे स्वरूप, संशयित, छायाचित्रे दोन बाजूंनी.
नगीननं माझ्या टेबलावर जिलबीचा पुडा ठेवला.
मुलगा झाला की इकडे पेढे वाटतात.
सोळाशे ग्राम, एवढंच बोलला. श्वास घेते.
मग पँटला हात पुसत राहिला,
पाक लागलेला नसतानाही.

मी रजिस्टर ओढलं.
स्थिती : उत्तम.
डोळे : दोन.
शेरा :
इथे काही सुचेना. पेन टेकवून
एक ठिपका दिला. तीट.
बाहुल्याला की त्या पोरीला, विचारू नका.

घरी शिलाई मशीनवर अण्णांची शेवटची मूर्ती आहे,
नऊ वर्षं झाली, डोळ्यांविना.
देव्हाऱ्यात ठेवता येत नाही, टाकवत नाही.
आज त्यांचा खारीच्या केसांचा ब्रश
वाटीत भिजत घातला.
नुसता भिजत घातला, अजून काही नाही.
आरसा कुठे ठेवलाय
तेच आठवत नाही.