तिसरा मुद्दा

चिठ्ठ्या लाडवांच्या डब्यात होत्या.
सुधन्वा खांबेटेनं उघडली ती चर्चिलची,
आणि पोरांनी बाकं बडवली, जणू निकालच लागला.
कुमुदला एलिझाबेथ, पहिली. तिनं लगेच मान ताठ केली.
माझ्या चिठ्ठीवर ॲटली.
टोणपे सरांनी चष्मा कपाळावर नेला,
म्हणाले, असू दे, तोही कुणीतरी लागतोच.

ब्रिटनच्या इतिहासातला सर्वांत थोर नेता कोण?
गांधी हॉल, इंदूर. डिसेंबर, त्र्याऐंशी.
प्रत्येकी पाच मिनिटं.

बाबा मिलमध्ये कताई खात्यात.
युनियनच्या कपाटातून त्यांनी एक जाडं पुस्तक आणलं,
पानं बोटानं नाही, दोऱ्याच्या तुकड्यानं उलटत
रात्री उशिरापर्यंत मला मुद्दे काढून दिले.

एक : त्याच्या सरकारनं दवाखाना फुकट केला.
खाणीतल्याची छाती आणि लॉर्डाची छाती
एकाच नळीनं ऐकायला लागले डॉक्टर.
(इथे बाबा खोकले. कापसाचा तो खोकला,
आत कुणीतरी पिंजतंय असा.)

दोन : हिंदुस्थान सोडला.
"सोडला म्हणजे? सोडायला लावला,"
आई पोळपाटावरून म्हणाली.
बाबा म्हणाले, हेही लिही.

तीन : निवडणूक जिंकून राजाला भेटायला निघाला
तेव्हा गाडी बायको चालवत होती. छोटीशी गाडी.
हा आपला शेजारी बसलेला.
"हे शेवटी सांग. बाकीचं विसरतील, हे नाही विसरणार."
आईचं लाटणं थांबलं जरा. मग पुन्हा फिरलं.

आमच्याकडे लूना होती.
बाबांना सायकलवर दम लागायला लागला तेव्हा घेतलेली, हप्त्यानं.
आई चालवायची. बाबा मागे, डबा मांडीवर.
परदेशीपुऱ्याच्या चौकात पोरं रोज ओरडायची,
"भिया, ब्रेक तो भाभी के पास है!"
बाबा हात हलवायचे, निवडून आल्यासारखे.
मी मात्र शाळेला दुसऱ्या गल्लीनं जायचे.

सुधन्वा गरजला. विमानं, बाँब, समुद्रकिनारे,
माईकची शिट्टी वाजली तरी थांबला नाही.
मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला,
"आणि त्रेचाळीस साली बंगालात..." एवढंच म्हणाला.
लोकांनी त्याला धोतराला धरून खाली बसवलं.

माझे दोन मुद्दे झाले. आईचं वाक्यसुद्धा सांगितलं,
त्यावर एक हशा, चांगला.
मग चौथ्या रांगेत ते दोघं दिसले.
बाबांचा मफलर. आईच्या बोटात लूनाची किल्ली,
ती गोल गोल फिरवत होती, माझ्याइतकीच घाबरलेली.
त्यांच्या शेजारी खांबेट्यांचं अख्खं घर,
अँब्युलन्सएवढ्या अँबॅसिडरमधून आलेलं.
मी म्हणाले, "तिसरा..."
मग म्हणाले, "एवढंच."
घंटा व्हायला एक मिनिट चाळीस सेकंद होते.
उत्तेजनार्थ मिळालं. एक पेला, तळाला नाव कोरलेला.

परतताना बाबांनी गराडू घेतले, मसाला जास्त टाकून.
"वेळ कमी पडला ना?"
हो, म्हणाले मी.
"पाच मिनिटं कमीच," ते म्हणाले,
आणि मोठा तुकडा माझ्या पानावर सरकवला.
आई काहीच बोलली नाही. किक मारत राहिली,
थंडीत लवकर सुरू व्हायची नाही ती.

मिल गेली. बाबा मिलच्या आधीच.
पेल्यात मी आता पेनं ठेवते.

परवा रामबागेत एका लग्नात सुधन्वा भेटला,
हातात ताट, तोंडात अजून तोच चर्चिल.
भोवती चार जण, कुणी ग्लॅडस्टनचा, कुणी थॅचरबाईंचा,
श्रीखंड संपेपर्यंत काही ठरेना.
मला बघून म्हणाला, "तुझा कोण होता गं? तो टकला?"
म्हटलं, त्याची बायको गाडी चालवायची.
"बरं, मग?"
सगळे थांबले, पुढचं ऐकायला.
मी म्हटलं, तो शेजारी बसायचा.