रकाना

नव्या यंत्राचं खोकं आज आमच्या मिरजेच्या लॅबमध्ये फोडलं.
थर्माकोलचा चुरा अजून फरशीभर.
कंपनीचा मुलगा म्हणाला, मॅडम, तासाला दोनशे नमुने,
हात लावायचं कामच नाही.
मी हात एप्रनला पुसले उगाच,
कोरडेच होते.

हात काय, तोंड लावायचो आम्ही.
काचेची पिपेट ओठात धरून
सीरम ओढायचं रेघेपर्यंत,
रेघेवर आलं की जिभेनं अडवायचं.
शहात्तर साली शांतवन लोंढ्यांनी शिकवलं,
'श्वास सोडू नकोस, जुबेदा.
जोरात घेऊही नकोस.'
सतारी जुळवणारे माझे अब्बा
तारेबद्दल हेच म्हणायचे.

लोंढ्यांना कुणी शिकवलं?
ते वॉर्डातली भांडी उचलायचे.
एक दिवस कुणा डॉक्टरीणबाईंनी
पितळी सूक्ष्मदर्शकापुढे उभं केलं,
आरसा खिडकीकडे वळव, म्हणाल्या, ऊन पकड.
त्यांनी पकडलं.
तेवढीच पदवी.
पगारपत्रकात हुद्दा: इतर.

तेव्हा घाटावरचा मगदुमांचा पोरगा
बेडूक आणून द्यायचा, नगाला दोन आणे.
नर पाहिजेत, ओरडणारे.
बाईची सकाळची लघवी बेडकाच्या कातडीखाली टोचायची,
तीन तास थांबायचं,
मग त्या बेडकाचा एक थेंब काचेवर.
त्यात शेपट्या वळवळल्या
की कुठल्यातरी घरात पाळणा.
ही बातमी सगळ्यांत आधी लोंढ्यांना,
नवऱ्याआधी, सासूआधी,
आणि जिनं नसू दे, नसू दे म्हणत रात्र काढली
तिच्याही आधी.
बोलायचे नाहीत कुणाशी.
चिठ्ठीवर अधिक किंवा वजा, बास.
संध्याकाळी बेडूक पिशवीतून कृष्णेवर सोडून यायचे,
'जा, ड्युटी संपली.'

माझ्या वेळी बेडूक नव्हते.
स्पिरिटच्या दिव्यावर निळं द्रावण होतं,
साखर असली की हिरवं, पिवळं,
विटकरी झालं की लोंढे हळूच म्हणायचे,
'ह्यांचा चहा गेला.'

एकोणऐंशीच्या मार्चमध्ये त्यांनी डबा उघडला
आणि तसाच झाकला.
वास नको वाटतो, म्हणाले.
दंडाला रबर बांधून, टोक दातात धरून
स्वतःचं रक्त स्वतः काढलं.
सीरम मी वेगळं केलं.
सांगलीच्या पेठेत हळदीचे ढीग बघत वाढलेली मी,
नळी उजेडात धरली
आणि खाली ठेवली.

कुणाचं तरी आलं होतं वर, रेघेच्या पुढे,
एका ठसक्याएवढ्या चुकीनं.
कुणाचं, ते त्यांनी शोधू दिलं नाही.
रजिस्टर ओढलं, अनुक्रमांक टाकला,
शाई झटकून लिहिलं:
शांतवन येशुदास लोंढे, पुरुष, वय सत्तेचाळीस.
तीस वर्षं ते रजिस्टर त्यांच्याच अक्षरात,
नाव त्यात पहिल्यांदा,
रुग्णाच्या रकान्यात.
तपासणाऱ्याला रकानाच नव्हता.
खाली सही डॉक्टरांची.

वाचले. जूनमध्ये परत आले,
पँट कमरेला दोरीनं आवळलेली,
खिशात घड्याळजीकडचा धूळ उडवायचा रबरी फुगा.
तो पिपेटच्या टोकाला बसवला,
दोनदा दाबून बघितला.
'आता ह्याला होऊ दे कावीळ.'

पुढे कोर्स निघाले, पोरं डिप्लोमा घेऊन आली,
हातमोजे आले,
फुगा कपाटात चिकट होऊन गेला.

तर, कंपनीचा मुलगा विचारतोय,
मॅडम, ऑपरेटरचं नाव?
प्रत्येक रिपोर्टच्या तळाला छापून येणार.
म्हटलं, लोंढे टाक.
तुमचं?
माझं मुजावर. तू लोंढे टाक.
त्यानं टाकलं.
आता पासवर्ड, म्हणाला, लक्षात राहील असा.
बेडूक.
तो हसला.
यंत्राला चाललं.