मत्रा सूक, दुकान नंबर अकरा

टेरी वेनलॉकला त्याच्या गावात
आता कोणी विचारत नाही म्हणे.
आमच्याकडे गुरुवारी संध्याकाळी
त्याच्या कॅसेटी मोजायला सवड नसते.
मागच्या खोलीत मुश्ताक परकार
एकावरून बारा काढतो;
कव्हरावरचं नाव दर खेपेला
थोडं वेगळंच छापून येतं.

परवा निझवाचा एक म्हातारा आला,
पिकअपमध्ये दोन बकऱ्या ठेवून.
नाव ठाऊक नाही, भाषा ठाऊक नाही,
नुसता काउंटरवर बोटांनी ठेका धरला
आणि मी नेमकी तीच काढून दिली.
निघाला तेव्हा काच खाली होती.
अख्ख्या कॉर्निशभर टेरी गळा काढत होता,
मागे बकऱ्या मुकाट.

त्याला यातली बैसाही पोचत नाही, हे खरं.
कळवावं तरी, म्हणून कागद घेतला.
पण कव्हरावर पत्ता
आम्हीच कधी छापला नाही.